सुईत औषध नसतं

"बाई, ह्या सुईत औषध काय भरलंय?"

गेल्या २७ वर्षांत हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला, त्याची मोजदाद नाही. पहिल्यांदा विचारला तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाने. पालथा झोपला होता. कमरेवर आणि गुडघ्यांमागे मिळून आठ सुया होत्या. मी म्हटलं, "काही नाही. भरीव सुई आहे. आत पोकळीच नाही, तर भरणार कुठं?" त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग पैसं कशाचं घेताय?"

मी हसले. तोही हसला, आणि हसताना सुया हलल्या म्हणून कळवळला.

उत्तर मात्र मी दिलं नाही, कारण तेव्हा मला ते येत नव्हतं. कोर्समध्ये शिकवलं होतं ते सांगायचं, तर शरीरात 'ची' नावाची शक्ती १४ वाटांनी वाहते, ती अडली की दुखणं येतं आणि सुई ती वाट मोकळी करते, असं सांगावं लागलं असतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी मी तासन् तास उभी राहिले होते. शिरा, धमन्या, नसा, सगळं हाताला लागलं होतं. त्या १४ वाटा कुठं दिसल्या नव्हत्या.

मग मी या नादाला लागले कशी? आंबा घाटामुळे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझा साधा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना होता. सर्दी, ताप, जुलाब, शाळेचे फिटनेस दाखले. एकदा लग्नाला रत्नागिरीला निघाले होते, एसटीने. सोबत माझी नऊ वर्षांची मुलगी. घाट सुरू झाला तशी पोरगी पांढरी पडली आणि दोन पिशव्या भरल्या. शेजारच्या सीटवर मुंबईच्या एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी न विचारता मुलीचा हात ओढून घेतला, मनगटाच्या रेषेपासून तीन बोटं वर, दोन दोऱ्यांच्या मधोमध अंगठा रोवला आणि साखरपा येईपर्यंत सोडला नाही. पोरगी झोपून गेली. मी मनात म्हटलं, घाट संपला म्हणून उलटी थांबली, यात अंगठ्याचं काय? पण येताना घाट चढताना मी स्वतः तेच करून बघितलं. पुन्हा थांबली.

दोन वेळा थांबली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण किडा डोक्यात शिरला. त्या जागेला चिनी पद्धतीत 'नेइगुआन' म्हणतात, आणि बेलफास्टमध्ये डंडी नावाच्या भूलतज्ज्ञाने १९८०च्या दशकात नेमकी तीच जागा घेऊन ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर अभ्यास केले होते, हे नंतर वाचलं. १९९७ला अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची समिती बसवली. बाकी बऱ्याच दाव्यांवर तिने हात आखडता घेतला. पण ऑपरेशननंतरची आणि केमोथेरपीची मळमळ यांत ॲक्युपंक्चरचा उपयोग दिसतो, असं स्पष्ट म्हटलं. ते वाचलं आणि मी मुंबईत कोर्सला नाव घातलं. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, रविवारी रात्री परत. दीड वर्ष.

कोर्सच्या वर्गात भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता. आपल्या सोलापूरचा माणूस. कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ला सिनेमा काढला, म्हणून आमच्याकडे हे नाव घरोघरी माहीत. पण ॲक्युपंक्चरवाल्यांच्या सभेत 'कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली' असं कुणी बोललं, की मला आता राहवत नाही. कोटणीस १९३८ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथंच वारले. हातात सुई असलीच तर टाके घालायची. विद्या आणली ती त्याच पथकातल्या बिजय कुमार बसूंनी, १९५९च्या सुमारास, कलकत्त्याला. कोटणीसांचं मोठेपण दुसऱ्याच्या श्रेयावर उभं करायची गरज नाही. असो.

सुई टोचणं पुस्तकातून येत नाही. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. ती कातडीतून आत जाते तेव्हा काही विशेष होत नाही. मग दोन बोटांत धरून ती हलकेच फिरवायची. एका क्षणी सुई आतून कुणीतरी धरल्यासारखी होते. चिनी लोक याला गळाला मासा लागल्याची उपमा देतात, ती अगदी बरोबर आहे. त्याच क्षणी पेशंटही बोलतो. एकजण म्हणतो "जड झालं", दुसरा "मुंग्या उठल्या", तिसरा "पार घोट्यापर्यंत कळ गेली". कागलची एक म्हातारी म्हणायची, "पाय भरून आला गं, आभाळ भरून यावं तसा." चिनी शब्द आहे 'डे-ची'. मला म्हातारीचा आवडतो.

पुढे हेलन लँजेव्हिन या अमेरिकन संशोधक बाईंचं काम वाचलं. त्यांनी दाखवलं, की सुई फिरवली की कातडीखालचे जोडऊतींचे धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात, चातीवर सूत गुंडाळावं तसे, आणि ताण आजूबाजूच्या पेशींपर्यंत पोचतो. म्हणजे बोटांना लागणारा तो मासा खरा होता तर! तो पेपर वाचून मला जो आनंद झाला तो पहिल्या बऱ्या झालेल्या पेशंटनेही दिला नव्हता.

पण ही झाली नंतरची गोष्ट. कोर्स झाल्यावर पहिली काही वर्षं माझ्या दवाखान्याबाहेर एक पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं: कंबरदुखी, मानदुखी, अर्धशिशी, संधिवात, दमा, बीपी, शुगर, थायरॉइड, वजन कमी करणे, व्यसनमुक्ती. रंगाऱ्याने अक्षराप्रमाणे पैसे घेतले होते, नाहीतर आणखी लिहिलं असतं.

२००३चा पावसाळा. चौतिशीतल्या एक शाळामास्तरीण माझ्याकडे दम्यासाठी येत होत्या. गोड बाई, वेळेच्या पक्क्या. आठवड्यातून दोनदा छातीवर, पाठीवर, मनगटाजवळ सुया. चौथ्या आठवड्यात म्हणाल्या, "खूप बरं वाटतंय, छाती मोकळी झाली." माझ्याकडे श्वासाचा जोर मोजायची नळी होती. तिच्यात फुंकायला लावलं, तर काटा पहिल्या दिवशी होता तिथंच. मी काय केलं? काट्यावर अविश्वास दाखवला. नळी जुनी आहे म्हटलं. 'बरं वाटतंय' हे पेशंटच्या तोंडून ऐकल्यावर दुसरं काही ऐकू येत नाही. हा या धंद्यातला सगळ्यात गोड रोग आहे, आणि तो डॉक्टरला होतो.

त्यांनी दम्याचा पंप बंद केला होता. मी बंद करा म्हटलं नव्हतं, पण चालू ठेवा असंही एकदाही बजावलं नव्हतं. ऑगस्टमध्ये एका रात्री अडीच वाजता त्यांच्या यजमानांचा फोन आला. त्या दोन वाक्यं सलग बोलू शकत नव्हत्या, ओठ निळे झाले होते. मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावला होता. पहाटे धोका टळला. तिथल्या तरुण डॉक्टरने मला काही सुनावलं नाही, फक्त विचारलं, "मॅडम, पंप कधीपासून बंद आहे?" मला तारीख सांगता आली नाही. बाहेर बाकावर यजमान बसले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पण तिला बरं वाटत होतं हो."

आठ वर्षांनी, २०११ला, एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. दम्याच्या त्याच पेशंटना आळीपाळीने कधी खरा पंप दिला, कधी औषध नसलेला, कधी नुसती टोचल्याचं भासवणारी सुई, आणि कधी काहीच नाही. खऱ्या पंपाने श्वासाचा जोर सुमारे २० टक्के वाढला. बाकी तिन्ही वेळी सुमारे सात. पण 'किती बरं वाटतंय' विचारलं, तर खोट्या पंपाने आणि खोट्या सुईनेही खऱ्या पंपाइतकंच बरं वाटतं म्हणाले. माझ्या मास्तरीणबाई जशाच्या तशा त्यात होत्या. मी तो पेपर छापून घेतला. टेबलाच्या काचेखाली ठेवला.

त्या रात्रीनंतर पाटी उतरवली. काही महिने सुयांना हातच लावला नाही. मग वाचायला लागले. जे माझ्या आवडीचं आहे तेच नव्हे, सगळंच.

शरीर स्वतःला सांभाळतं, हे कोल्हापूरकराला समजवायला मला फारसं अवघड जात नाही, कारण आमच्याकडे राधानगरी आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर उभारायला घेतलेलं धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. कुणी बटण दाबत नाही. दर पावसाळ्यात आमच्या पेपरात 'राधानगरीचा एक दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग' अशी बातमी येते आणि सगळं शहर पंचगंगेकडे बघायला लागतं. शरीरात असे शेकडो दरवाजे आहेत. मानेतल्या धमनीत रक्ताचा दाब मोजणारी जागा आहे. दाब वाढला की ती मेंदूला कळवते आणि मेंदू हृदयाला आवरतो. तापमान, साखर, पाणी, झोप, सूज, सगळ्यांना असे पहारे. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने या सगळ्या व्यवस्थेला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं आणि १९३२ला त्यावर 'द विज्डम ऑफ द बॉडी' हे पुस्तक लिहिलं.

सुई या व्यवस्थेत बाहेरून काही घालत नाही. अडखळलेल्या दरवाजाला बाहेरून एक धक्का देते, इतकंच. वेदनेच्या बाबतीत हा धक्का कुठं बसतो हे बऱ्यापैकी कळलंय. १९७०च्या दशकात टोरांटोत पोमरँझ नावाच्या संशोधकाने उंदरांना इलेक्ट्रोॲक्युपंक्चर दिलं, त्यांना दुखणं कमी जाणवायला लागलं. मग नॅलोक्सोन टोचलं, आणि परिणाम गेला. नॅलोक्सोन हे अफू-मॉर्फिनचा असर मोडणारं औषध. म्हणजे सुईमुळे शरीर स्वतःचंच मॉर्फिनसारखं काहीतरी सोडत होतं. बीजिंगमध्ये हान जी-शंग यांनी त्याआधीच सुई लावलेल्या सशाच्या मेंदूतलं पाणी दुसऱ्या सशाच्या मेंदूत घातलं होतं, तर दुसऱ्यालाही वेदना कमी झाल्या. पुढे त्यांनीच दाखवलं की सुईला वीज जोडून सेकंदाला दोन ठोके दिले तर एक प्रकारची वेदनाशामक द्रव्यं सुटतात, १०० दिले तर दुसऱ्या प्रकारची. माझ्या मशीनवर हे दोन्ही आकडे आहेत. आधी मी ते पेशंटला सहन होईल तसे फिरवत होते!

सुजेचं कोडं अजून गमतीचं आहे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला 'झू-सान-ली' नावाची जागा आहे. पोटापासून थकव्यापर्यंत सगळ्याला ही जागा घ्या, असं जुने लोक सांगतात, आणि असं 'सगळ्याला' म्हटलं की माझ्या भुवया वर जातात. पण २०२१ला हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या मागच्या पायात त्या जागी खोलवर एका विशिष्ट जातीचे मज्जातंतू शोधले. तिथं हलका विद्युतप्रवाह दिला, की निरोप मेंदूत जातो, तिथून व्हेगस नसेवाटे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला पोचतो आणि अंगभर पसरलेली सूज उतरते. तोच हलका प्रवाह पोटावर दिला तर काही नाही, कारण तिथं ते तंतूच नाहीत. त्याच गटाच्या आधीच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. पोटावरचा जोराचा प्रवाह आजार पेटायच्या आधी दिला तर सूज कमी, आणि पेटल्यावर दिला तर उलट वाढली. 'फायदा झाला तर झाला, तोटा तर नाही' हे आमच्या धंद्यातलं आवडतं वाक्य मी त्या दिवसापासून सोडलं.

हे सगळं उंदरांचं. माणसाचं काय? इथं माझी पंचाईत सुरू होते.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर अभ्यास झाला, २००७ला छापून आला. तीन गट. नेहमीचे औषध-व्यायाम घेणाऱ्यांत २७ टक्क्यांच्या आसपास लोकांना सहा महिन्यांनी फरक होता. नियमानुसार ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांत ४७ टक्क्यांहून जास्त. इथवर वाचून मी पेढे वाटले असते. पण तिसऱ्या गटाला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या होत्या, आणि त्यांच्यातही ४४ टक्क्यांना फरक होता. मी दीड वर्ष महालक्ष्मीत झोप मोडून ज्या जागा पाठ केल्या, त्यांची किंमत तीन टक्के! नंतर हजारो पेशंटचे आकडे एकत्र करून बघितले गेले, तेव्हा खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस निघाली, पण थोडीशीच. मोठा फरक सुई आणि 'काहीच नाही' यांच्यात आहे.

म्हणून मी माझ्याच दवाखान्यात एक उद्योग केला. एक निवृत्त एसटी कंडक्टर बीपीसाठी यायचे. सुयांआधी १६०, अर्ध्या तासाने १३८ असे आकडे मी त्यांच्या कार्डावर अभिमानाने लिहीत होते. माझ्या कंपाउंडर पोरीने एक दिवस सहज विचारलं, "बाई, नुसतं झोपवून बघितलं तर?" दोन आठवडे मी बीपीच्या पेशंटना आधी अर्धा तास नुसतं पडायला लावलं. पंखा, अंधार, फोन बाहेर. बऱ्याच जणांचं बीपी तेवढ्यानेच उतरलं. कंडक्टरांचं १४४. म्हणजे माझ्या २२ पैकी १६ पलंगाचे होते. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे, पण माझा गर्व उतरायला पुरेसा होता. सहा आठवडे सुया घेतल्यावर बीपी थोडं खाली येतं आणि सुया थांबल्या की पुन्हा जागेवर जातं, असं एका जर्मन अभ्यासातही दिसलंय. तेव्हापासून बीपीच्या माणसाला मी सांगते: गोळी चालू ठेवा, आणि रोज अर्धा तास फोन बाहेर ठेवून पडा. त्याचे पैसे घेत नाही.

मग सुई लावूच नये का? हुपरीच्या एका बाईंमुळे मी हा प्रश्न सोडून दिला. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. या बाई पैंजणाच्या कड्या जुळवायच्या, सकाळी आठ ते रात्री नऊ, मान खाली. मान आखडलेली, डोकं दुखतंय, आणि तीन वर्षं धड झोप नाही. तपासण्या सगळ्या नॉर्मल, गोळ्या खाऊन पोट बिघडलेलं. मी दहा वेळा सुया लावल्या. सहाव्या वेळी आल्या त्या दारातूनच ओरडल्या, "झोपलो की बाई रात्रभर! पोरगं शाळंला उठवाय लागलं मला." (आमच्याकडच्या बायका 'आलो', 'गेलो', 'झोपलो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

त्यांना कशाने झोप लागली? एंडॉर्फिनने, म्हणजे शरीराच्या त्या स्वतःच्या मॉर्फिनने, सैल पडलेल्या मानेच्या स्नायूंनी, की आठवड्यातून दोन दिवस हुपरीहून कोल्हापूरला यायच्या निमित्ताने सुटलेल्या कामाने? अर्धा तास कुणीही हाक मारत नाही अशा खोलीत पडून राहायला मिळालं, याने? मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "काय बी असू दे की. तुमास्नी हिशोब कशाला पायजे?" मला हिशोब पाहिजे, कारण मास्तरीणबाईंचा हिशोब मी ठेवला नव्हता. पण त्यांची झोप खरी होती. दुखण्यात आणि झोपेत 'बरं वाटणं' हाच आजाराचा मापदंड असतो. दम्यात तो नसतो. या दोन आजारांतली रेघ ओळखणं, मला वाटतं, मी या कामात एवढं एकच नीट शिकले.

दुखणं बंद करणं हेही नेहमी चांगलं नाही, हे एका पैलवानाने शिकवलं. ११० किलोचा गडी, तालमीतली चार पोरं सोबत घेऊन आलेला. गुडघा सुजलेला. खुर्चीवर बसवूनच मी हाताला पहिली सुई लावली, तर गडी घामेघूम, पांढराफटक, आणि सरळ माझ्या अंगावर! सोबतची पोरं घाबरली, मग हसायला लागली. व्हेगस नस जास्तच जागी झाली की नाडी मंदावते, बीपी पडतं, माणूस कोसळतो. उपाशी, घाबरलेले, धडधाकट तरुण यात पुढे. तेव्हापासून माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस खाऊन आलेला आणि आडवा पडलेला असतो, मग तो कितीही मोठा पैलवान असो. पण चूक ती नव्हती. तीन बैठकांत त्याचं दुखणं निम्म्यावर आलं, आणि मला न विचारता तो मैदानात कुस्ती लढला. आतला अस्थिबंध अर्धा फाटलेला होता, तो पूर्ण गेला. एमआरआय करायला मी सांगितलं होतं, पण 'आधी करा, मग सुया' असं म्हटलं नव्हतं. आता म्हणते. दुखणं हा पहारेकरी आहे. त्याला झोपवायच्या आधी तो कशासाठी ओरडतोय ते बघावं लागतं.

बाकी छोट्या फजित्या आहेतच. एक आजोबा कानामागे सुई तशीच घेऊन गारगोटीच्या एसटीत बसले. कंडक्टरने ती काढून तिकिटात गुंडाळून दिली, आणि ती परत आणून देताना आजोबा म्हणाले, "तुमची वस्तू राहिली हुती." मी शरमेने लाल. लावताना मोजायच्या, काढताना मोजायच्या, आकडा कार्डावर. खांद्याच्या माथ्यावर सुई खोल घालायची नाही, खाली फुफ्फुस आहे. सुई एकदाच वापरायची. हे नियम कंटाळवाणे आहेत आणि जगभर ॲक्युपंक्चरने जे थोडे गंभीर अपघात झालेत, ते बहुतेक हे नियम मोडूनच.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोराला पाठ असतात. माझ्या दवाखान्यात टेबलाच्या वर पाणी होतं. सुयांचे खोके गाळात गेले. घरी होत्या तेवढ्या सुया घेऊन मी एका शाळेतल्या छावणीत गेले. चिखली, आंबेवाडीकडची माणसं होती. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये व्यसनमुक्तीसाठी कानाला पाच सुया लावायची पद्धत बसवली होती. पुढे आपत्तीनंतरच्या छावण्यांतही ती वापरली गेली. बसल्या बसल्या लावता येतात, कपडे काढावे लागत नाहीत. बाकांवर ओळीने माणसं बसली, कानात सुया, आणि वर्गात शांतता.

एक म्हातारबाबा दर दहा मिनिटांनी डोळे उघडून विचारायचे, "किती झाली पातळी?" तोवर पाणी उतरायला लागून बरेच दिवस झाले होते. नदी ४३च्या खाली आली तरी त्यांची छाती अजून धोक्याच्या वरच होती. दुसऱ्या दिवशी सुया असतानाच घोरायला लागले. गोठ्यातल्या दोन म्हशी गेल्या होत्या, त्यावर माझ्याकडे सुई नव्हती. उठल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या म्हशींबद्दल सांगितलं, नावं घेऊन.

त्याच छावणीत पन्नाशीचा एकजण आला. म्हणाला, "गॅस झालाय, छातीत भरल्यागत वाटतंय, दोन सुया मारा." घाम होता. नेइगुआन मळमळीला घेतात, छातीच्या धडधडीलाही घेतात, माझा हात सवयीने पेटीकडे गेला. मग थांबला. ॲस्पिरिनची गोळी चघळायला लावली आणि अँब्युलन्समधून थेट सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला पाठवलं. हार्ट अटॅक होता. वाचला. २७ वर्षांत सुई न लावता मी केलेला हा सगळ्यात चांगला उपचार.

आता ॲक्युपंक्चरला कायद्याचं छत्र आहे. महाराष्ट्राने २०१५चा स्वतंत्र कायदा केला, केंद्राने २०१९ला या पद्धतीला मान्यता दिली. दोन दिवसांच्या शिबिरात शिकून सुया टोचणाऱ्यांना त्याने आळा बसावा. नोंदणीचा नंबर भिंतीवर असतो, तो बघायची सवय मात्र आपल्या लोकांना अजून लागायची आहे.

माझी पाटीही नवी आहे. कंबर, मान, गुडघा, अर्धशिशी, मळमळ. संपलं. त्याखाली लाल अक्षरांत एक ओळ: 'चालू असलेली गोळी, इंजेक्शन किंवा पंप माझ्या सांगण्यावरूनही बंद करू नका, ज्यांनी सुरू केलं त्यांना विचारा.' रंगाऱ्याने विचारलं, "बाई, स्वतःच्याच पाटीवर असं कोण लिवतं?" तुम्ही कुठल्याही सुईवाल्याकडे जाल, माझ्याकडेसुद्धा, आणि तो म्हणेल की आता औषध सोडा, तर सुया काढायला लावा, मोजून घ्या आणि उठून घरी जा.